टॅल्बोरीन लावली की एक दिवस

टॅल्बोरीन हा शब्द तुम्ही ऐकला नसणार. ऐकला असेल, तर साठ-सत्तर सालाच्या आसपास मोहोपाड्याच्या बाजूला कुठल्या तरी कारखान्यात तुम्ही पाना धरलेला आहे, नाहीतर पाना धरणाऱ्याच्या घरी जेवलेले आहात. तिसरी शक्यता नाही.

मी स्वतः हा शब्द दिवसातून दोनशे वेळा उच्चारलेला आहे. माझ्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडात बायकोच्या नावाआधी तोच आला होता, असं बायको सांगते. ती थोडं वाढवून सांगते. ती सवय तिला माझ्या घरात आल्यावर लागली.

एकदा वाटलं, एवढा बोलतो तर शब्दाचा अर्थ तरी बघावा. खालापूरच्या वाचनालयात एक इंग्रजी शब्दकोश होता. तो उचलायला दोन माणसं लागायची आणि ठेवायला तीन. तिथं रोज पेपर वाचायला येणारे एक हायस्कूलचे गुरुजी होते. त्यांना मी रिकामी डबी दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली, पुन्हा उलटली, डबीकडे बघितलं आणि कोश मिटला.

"अहो, हा शब्दच नाही."

"शब्द नाही तर डबीवर काय डास चिरडलेत?"

"तसं नव्हे. हे मालाचं नाव आहे. बनवणाऱ्यानं आपल्या मनानं जुळवलेलं. अशा नावाला अर्थ नसतो."

"गुरुजी, अर्थ नसता तर कर्जतपासून मोहोपाड्यापर्यंत लोक हा शब्द वापरून भांडले असते का?"

"मग तुम्हीच सांगा अर्थ."

"बसा," म्हटलं. ते बसले. त्या दिवशी त्यांचे दुपारचे दोन तास बुडाले आणि नववीतल्या पोरांनी मला मनातल्या मनात दुवा दिला. गुरुजींना जे सांगितलं तेच इथं सांगतो. फक्त त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती, ती आता सांगायला हरकत नाही.

टॅल्बोरीन म्हणजे काळा लगदा. दोन पाइप जोडताना त्यांच्या टोकाच्या चकत्या, आम्ही त्यांना फ्लँज म्हणतो, एकमेकींना भिडवायच्या आणि नटबोल्टनी आवळायच्या. मध्ये हा लगदा बोटानं फिरवायचा. मग वाफ म्हणा, तेल म्हणा, तेजाब म्हणा, आतलं आत राहतं. विलायतेहून लाकडी खोक्यातून डब्या यायच्या. तांबडी डबी, झाकणावर एकमेकांचं मनगट धरलेले दोन हात. वास जळक्या गुळासारखा, त्यात जुन्या चपलेची भर. हात तीन साबणांनी धुतले तरी भाकरीला तोच वास. आमच्या खात्यातल्या माणसांची मुलं अंधारातसुद्धा आपला बाप ओळखायची, असा तो वास.

आमच्या सगळ्यांना ती लावायला शिकवली ती आमच्या मिस्त्रीनं. मिस्त्री म्हणजे हेड फिटर. मूळचा कर्जतचा, तरुणपणी मुंबईच्या गोदीत बोटींची इंजिनं उघडून आलेला. अंगानं काडी, आवाजानं भोंगा. तो बोलायला लागला की प्रेशरचा काटा आपोआप हलायचा. टॅल्बोरीनचा त्याचा नियम असा: पहिल्यांदा फ्लँज रॉकेलनं धुवायची. मग लगदा उजव्या हाताच्या मधल्या बोटानं लावायचा. मग समोरासमोरचे बोल्ट आवळायचे. मग नारळ फोडायचा. आणि मग एक दिवस, एक रात्र त्या जोडाला हात लावायचा नाही, लाइन चालू करायची नाही, जोडाखालून मोठ्यानं बोलत जायचं नाही.

"पोटातल्या पोरासारखं असतंय ते," मिस्त्री म्हणायचा. "घाई केलीस तर वाकडं निघंल."

साहेबलोकांनीही हा नियम मानला होता. जोड लागला की त्या लाइनवर खडूनं लिहायचं, 'टॅल्बोरीन'. मग तिथं चोवीस तास कुणी फिरकत नसे, आणि त्या लाइनवरचे आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून बसायचो, डबे उघडायचो, झोपायचो. ज्याचं घर जवळ असेल तो घरी जाऊन यायचा.

आता बघा, या अर्थ नसलेल्या शब्दाला कसे अर्थ फुटले. कारखान्यात 'टॅल्बोरीन पडली' म्हणजे विश्रांती मिळाली. गावात दोन भावांचं जमत असेल तर 'टॅल्बोरीनचं घर' म्हणायचे. कुणी ओट्यावर नुसताच बसलेला दिसला की बायका विचारायच्या, "काय रं, टॅल्बोरीन लावून ठेवलाय का तुला?" खालापूरला कचेरीत कागद अडकला की शिपाई सांगायचा, "साहेबांनी टॅल्बोरीन लावलीय, उद्या या." नेरळच्या बाजूला म्हणे नव्या नवरा-नवरीला पहिला दिवस कुणी हाक मारायची नाही, त्यालाही हाच शब्द होता. हे शेवटचं मी ऐकीव सांगतो. पण ऐकवलं मीच होतं.

माझा या प्रसारात हात मोठा. एका फिटरच्या मिशीला टॅल्बोरीन लागली आणि तीन वर्षं तो शिंकला तरी मिशी हलली नाही, ही गोष्ट माझी. पाताळगंगेला पूर आला तेव्हा पुलाचा कठडा टॅल्बोरीननं धरून ठेवला, हीही माझी. लोक ऐकायचे, मान हलवायचे, आणि दुसऱ्या गावात जाऊन माझ्यापेक्षा चांगली सांगायचे.

आमच्या घरात नारळ फोडायचं छप्पन सालानंतर बंद झालं होतं. फुटायचा तो फक्त कालवणासाठी. त्यामुळे मी स्वतः जोड लावला की नारळाचा भाग गाळायचो. मिस्त्रीनं एकदा विचारलं तेव्हा म्हटलं, आमच्याकडे हे नाही. तो म्हणाला, "बरोबर हाय तुझं. नारळ नको. पण एक दिवस पायजे." आणि तो एक दिवस मात्र मी कधी सोडला नाही. बापानं देव्हारा उचलला तेव्हा मी लहान होतो, पण कशावरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही हे मला घरात भाकरीबरोबर मिळालं होतं. आणि तरीही एका तांबड्या डबीपुढे मी आठ वर्षं हात जोडून उभा होतो. गंमत असते माणसाची.

ज्या एप्रिलची गोष्ट सांगायची त्याच्या दोन वर्षं आधी डब्या येणं थांबलं. विलायतेतला कारखानाच बंद झाला म्हणाले. कारखान्यात मग मुंबईचा लगदा आला, पण त्यालाही टॅल्बोरीनच म्हणायचे आणि एक दिवस तसाच द्यायचे. मिस्त्रीही निवृत्त होऊन कर्जतला गेला. जाताना त्यानं आपली स्वतःची अर्धी डबी माझ्या हातात दिली. दुसरा कुणी असता तर त्यानं अंगठी दिली असती. मी ती डबी ट्रंकेत, लग्नाच्या कोटाखाली ठेवली.

माझी आत्या कर्जतच्या पलीकडे, पेज नदीच्या काठी राहायची. नवरा गेल्यावर दीड एकराचं खाचर ती एकटी करायची. त्या भागात उन्हाळ्यातही भात होतं, कारण वर डोंगरात वीजघर आहे आणि वीज काढून झालेलं पाणी नदीत सोडतात. मुंबईला पंखे फिरले, गिरण्या फिरल्या, की आमच्या नदीला पाणी. मुंबईला सुट्टी असली की आमची नदी उपाशी. काठावरची माणसं नदी बघून सांगायची, आज मुंबईत किती लोक कामावर गेलेत. आत्या तर म्हणायची, पाण्यावरून ती सांगू शकते कुणाच्या घरी पंखा आहे. हे आमच्या घराण्यातच आहे.

चार शेतकऱ्यांत मिळून नदीवर एक तेलाचं इंजिन आणि पंप होता. प्रत्येकाची पाळी ठरलेली. आत्याची गुरुवारी. त्या एप्रिलात तिचा निरोप आला की नदीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाचा जोड गेलाय, पंप नुसती हवा खातोय आणि खोकतोय. मागची पाळी अशीच खोकण्यात गेली. बाकीच्यांनी आपापल्या पाळीला जोडावर शेण लिंपून, सायकलची ट्यूब गुंडाळून कसंबसं भागवलं. आत्याच्या पाळीला ट्यूबही फाटली. खाचराला भेगा पडल्या होत्या आणि भात फुलोऱ्यात होतं.

मी गुरुवारची रजा काढली, बुधवारी संध्याकाळी तिच्या घरी पोचलो. बरोबर पाने, रॉकेलची बाटली आणि ती डबी.

सकाळी नदीवर गेलो. पाणी चढलेलं होतं. आत्या आधीच बांधावर उभी होती, पदर खोचून, हातात फावडं.

"बघ," ती म्हणाली. "आज पाणी हाय. उद्यापासून मुंबईला लागोपाठ तीन दिस सुट्ट्या. नदी गुडघ्याखाली जाईल, पायप उघडा पडंल. मंग बाकीच्यांच्या पाळ्या. माझी पाळी येईस्तोवर या भाताचा नुसता पेंढा होईल. आज पायजे पाणी. आजच."

"आत्या, आज तुझ्या खाचरात बेडूक पोहतील."

"बेडूक नको, पाणी पायजे."

जोड उघडला. जुनं शेण खरवडलं, फ्लँज रॉकेलनं धुतली, पिशवीतून ती डबी काढली. बांधावर पंपाचे बाकीचे तिघे भागीदार जमले होते. त्यातला एक आमच्याच कारखान्यात बॉयलरवर होता, दुसऱ्या पाळीला. दुसऱ्या एकाचा मोठा मुलगा आमच्याच खात्यात हेल्पर होता. डबी बघितल्यावर बॉयलरवाल्यानं बिडी विझवली.

"टॅल्बोरीन!" तो म्हणाला. "अजून हाय तुझ्याकडे?"

"मिस्त्रीची," मी म्हटलं. तिघांनी माना लववल्या.

दहाच्या आत जोड लागला. मी हात पुसले, पाने गुंडाळले आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "आता उद्या दहाला चालू करायचा."

मग आत्यानं फावडं जमिनीत रोवलं.

"काय म्हणालास?"

"टॅल्बोरीनला एक दिवस लागतो आत्या."

"उद्या नदीत पाणी नाय."

"नियम आहे."

"कुनाचा नियम? नदीचा का डबीचा?"

बॉयलरवाला माझ्या बाजूनं बोलला. "काकी, त्याचं बरोबर हाय. टॅल्बोरीन घाईची नाय. आमच्याकडं सायब पण हात लावत नाय."

"तुमच्या सायबाला भात लावायचंय का?" आत्या म्हणाली. "आणि तू रं, एवढा तुझा मसाला पूल धरून ठेवतो, मिशी धरून ठेवतो, माझा एक पायप धरायला त्याला दिसभर झोपावं लागतं?"

माझ्याच गोष्टी माझ्या अंगावर आल्या. जोड चालू केला आणि ओल्या लगद्यातून हवा शिरली तर ती डबीही संपली आणि पाळीही. चालू नाही केला तर पाळी नक्की गेली. मी आत्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाचराकडे बघत होती. लोंब्या अर्ध्या बाहेर आलेल्या. एवढं तिनं एकटीनं केलं होतं, चिखलणीपासून.

"दीड तास दे," मी म्हटलं. "कर्जतला मिस्त्रीला विचारून येतो. वेळ कमी करता येत असेल तर त्यालाच माहीत."

सायकल घेतली. त्या दिवशी मी अशी सायकल मारली की वाटेत एसटी मागे पडली. एसटी उभी होती, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

मिस्त्री स्टेशनच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचा. खाटेवर बसून ट्रान्झिस्टरचं पोट उघडून बसला होता.

"ये रं. काय फुटलं? बॉयलर का टाकी?"

"आत्याचा पंप." मी सगळं सांगितलं. नदी, सुट्ट्या, भात, डबी. तो ऐकत होता आणि एक बारीक स्क्रू दाताखाली धरून होता.

"कितीला लावलीस?"

"दहाच्या आत."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आता अकरा होत आले. जा, चालू कर."

"एका तासात?"

"तास पण जास्तच झाला."

मला कळेना. तो उठला, आत चहा ठेवणाऱ्या सुनेला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं, दार पुढं केलं आणि परत खाटेवर बसला. आवाज खाली आणला. मिस्त्रीचा खालचा आवाज म्हणजे साध्या माणसाचं ओरडणं, पण त्यानं प्रयत्न केला.

"गोदीत असताना पहिल्या डबीत कागद निघाला होता. इंग्रजी. तिथल्या कारकुनाकडून मी वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, हा मसाला कधीच वाळत नाय. कधी पण जोड उघडा, उघडतो. लावा आणि चालवा."

"कधीच वाळत नाही?"

"तू कधी वाळलेली बघितलीस? आठ वर्षांत?"

मी आठवायला लागलो. जुना जोड उघडला की आत काळा लगदा असायचाच. ओला. मऊ. प्रत्येक वेळी मी तो बघितला होता, पुसला होता आणि म्हटलं होतं, बघा, आतपर्यंत कशी जिवंत राहते.

"मग तो एक दिवस?"

मिस्त्रीनं स्क्रू बशीत ठेवला.

"कारखाना नवा होता. आम्ही सात फिटर. लाइन बंद पडली की घरी जायचं नाव नाय. एक जोड झाला, चालू, लगेच दुसरा. तिसऱ्या दिवशी मी शिडीवर उभ्यानं झोपलो. हातातला पाना सुटला, खाली उभ्या माणसाच्या खांद्यावर गेला. जगला तो. पण हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाय त्याचा. मी सायबाकडं गेलो. म्हटलं, सायब, कामानंतर माणसांना एक दिवस द्या. सायब म्हणाला, माल थांबतो. नाय दिला." त्यानं ट्रान्झिस्टर बाजूला सरकवला. "महिन्यानं ही डबी आली. मी म्हटलं, सायब, नवा मसाला हाय, ह्याला एक दिवस द्यावा लागतो. सायबानं जागच्या जागी सही केली."

"मसाल्याला दिला?"

"माणसाला नाय दिला, मसाल्याला दिला. विलायती होता ना."

"आणि इथल्या डबीत निघालेला कागद?"

"त्यावर बिडी पेटवली."

"आणि नारळ?"

"नारळ फुटला की सायबाला पण खरं वाटतं."

मी जमिनीवर बसलो. आठ वर्षं मी ज्या दिवसावर गोष्टी रचत होतो, तो दिवस या काडीएवढ्या माणसानं आमच्यासाठी गोड बोलून काढलेला होता. मला वाटायचं, या बाजूला सगळ्यात मोठी थाप मारणारा मी. मी कोण? मी याच्यापुढे हेल्पर.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. "मिस्त्री, बांधावर आपल्याच कारखान्याची माणसं आहेत. मी जोड दोन तासांत चालू केला आणि तो टिकला, तर सोमवारी ही बातमी माझ्या आधी फाटकात पोचेल. नवा आलेला साहेब तर त्या एका दिवसावर डोळे लावूनच बसलाय. तो दिवस जाईल सगळ्यांचा."

"जाईल," मिस्त्री म्हणाला.

"मग?"

"तुझ्या आत्याचं भात मला विचारून फुलोऱ्यात आलं नाय. जा, चालू कर." त्यानं ट्रान्झिस्टर पुन्हा मांडीवर घेतला. "आणि तुला एवढं तोंड दिलंय, ते बारा महिने फुकट चालवतोस. आज कामाला लाव."

येताना सायकल मी सावकाश चालवली. सावकाश म्हणजे डोकं वेगात चालवायला वेळ मिळावा एवढी. बांधावर पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. चौघंही तिथंच होती. आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय झालं माहीत आहे का," मी सायकल झाडाला टेकवत म्हटलं, "मिस्त्रीनं मला शिव्या घातल्या. म्हणाला, आठ वर्षं काय शिकलास? कारखान्यात वाफ असते. वाफ जोडाला आतून बाहेर ढकलते. तिथं टॅल्बोरीनला पक्की व्हायला एक दिवस लागणारच, नाहीतर उडून जाईल. पण हा पाणी ओढणारा पाइप. इथं सगळा जोर बाहेरून आत. जेवढा पंप ओढेल तेवढा जोड आवळला जातो. इथं थांबायचं नसतं. थांबलं तर उलट जोड सुस्त पडतो."

वाक्य पुरं झालं आणि मलाच ते पटलं. एवढी चांगली थाप मी आयुष्यात मारली नव्हती.

एक भागीदार म्हणाला, "असं पण असतंय होय." दुसऱ्यानं मान हलवली. बॉयलरवाल्यानं विझलेली बिडी कानावर ठेवली.

मी बादलीनं पंप भरला, आत्यानं झडप धरली, बॉयलरवाल्यानं हँडल मारलं. इंजिन धडधडलं. पंप एकदा खोकला, दोनदा खोकला. माझा हात जोडावर. तिसऱ्यांदा खोकला नाही. पाटात पाणी पडलं, तांबूस, मग स्वच्छ.

आत्या पाण्याच्या पुढं पुढं फावडं घेऊन पळत गेली. बाई साठीला टेकलेली, पण त्या दिवशी पाण्याला तिच्या मागं धावावं लागलं. बाकीचे दोघं आपापल्या कामाला गेले. बॉयलरवाला मात्र माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. त्यानं बिडी पेटवली आणि जोडाच्या कडेला धरली. जोडातून हवा जात असेल तर धूर आत ओढला जातो. धूर सरळ वर गेला. त्यानं सगळ्या कडेनं बिडी फिरवली. सगळीकडे धूर सरळ.

मग त्यानं फटीतून किंचित बाहेर आलेला लगदा करंगळीनं टिपला. बोटं चोळून बघितली. ओली होती.

"ओली हाय," तो म्हणाला.

"हं."

"ओली असून धरते."

"पाणी ओढणारा पाइप आहे ना. जोर बाहेरून आत..."

"ते ऐकलं." तो माझ्याकडे बघत होता. बॉयलरवर पंधरा वर्षं काढलेला माणूस. वाफ कुठं ढकलते आणि पाणी कुठं ओढतं हे त्याला मी सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. त्यानं पुन्हा बोटं चोळली, मग हात पाटाच्या पाण्यात धुतला.

"सोमवारी आमची तीन नंबरची वाफेची लाइन उघडणार हाय," तो म्हणाला. "जोड लागंल. मंगळवारी मला पोरीच्या शाळेत जायचंय."

"बरं."

"मी इथं आलोच नव्हतो." तो उठला, लुंगी झटकली आणि बांधावरून निघून गेला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यानं या विषयावर माझ्याकडे एक शब्द काढला नाही. त्याच्याइतका चांगला श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

दुपारभर इंजिन चाललं. मी जोडाजवळ बसून राहिलो. तीनच्या सुमाराला आत्या पाणी प्यायला आली. कपाळाला चिखल.

"खरं सांग आता," ती म्हणाली. "त्या लोकांना सांगितलंस ते नको. तू खोटं बोललास की लई सावकाश बोलतोस. खरं बोलताना तुझी गडबड असते."

मी तिला खरं सांगितलं. गडबडीनं. ती तांब्या हातात धरून ऐकत होती. खांदा गेलेल्या माणसाशी पोचलो तेव्हा तिनं तांब्या खाली ठेवला.

"म्हंजी मानसाला बसता यावं म्हणून डबीला झोपवलं."

"तसंच."

"शाना हाय मिस्त्री." तिनं पदरानं कपाळाचा चिखल पुसला. "आमच्या कामाला अशी डबी कुनी आणली नाय रं."

मी म्हटलं, बस थोडी, मी बघतो पाणी. ती म्हणाली, "तुला कोणतं खाचर आधी फोडायचं ते ठाऊक हाय का?" आणि परत गेली. मी तिच्या मागं गेलो. तिनं दाखवलं तिथं बांध फोडला, दाखवलं तिथं बांधला. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या हाताखाली काम केलं आणि माझ्या लक्षात आलं की तिचं बोलणं कमी आणि हिशेब जास्त आहे.

संध्याकाळी नदी उतरायला लागली. पाइपाचं तोंड दिसायला लागलं तेव्हा शेवटच्या कोपऱ्यात पाणी पोचून दोन बोटं उभं राहिलं होतं. भेगा मिटल्या. मी इंजिन बंद केलं. एकदम एवढं शांत झालं की पलीकडच्या काठावरच्या म्हशी चरताना ऐकू यायला लागल्या. आत्या बांधावर बसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

भात चांगलं झालं. किती झालं ते मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. झोडणी झाल्यावर आत्यानं नव्या तांदळाची एक पिशवी भरली आणि मला मिस्त्रीकडे पाठवलं.

मिस्त्रीनं मूठभर तांदूळ तळहातावर घेतले, वास घेतला, बोटानं पसरून बघितले.

"टिकला जोड?"

"अजून टिकलाय."

"लोकांना काय सांगितलंस?"

मी सांगितलं. वाफ आतून बाहेर ढकलते, पाणी बाहेरून आत ओढतं, म्हणून वाफेला एक दिवस आणि पाण्याला काही नाही. मिस्त्रीनं तांदूळ पिशवीत सोडले. पिशवीचं तोंड आवळून गाठ मारली. मला वाटलं, रागावला.

"आपल्या खात्यात पोचलं हे?" त्यानं विचारलं.

"पोचलं. त्या हेल्परनं नेलं. नव्या साहेबानं वहीत उतरून घेतलंय. वाफेच्या लाइनला एक दिवस, पाण्याच्या लाइनला थांबायचं नाही. खाली रेघ मारलीय."

"वाफेचा दिवस ऱ्हायला म्हंजी."

"राहिला. आणि पाण्याच्या लाइनी आपल्याकडे आहेतच किती? दोन."

मिस्त्री हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग खाट हलली. सून आतून डोकावून गेली. डोळे पुसून त्यानं पाय वर घेतले, भिंतीला टेकून बसला आणि मला समोरचं स्टूल दाखवलं.

"बस," तो म्हणाला. "परत एकदा सांग. सावकाश सांग. बाहेरून आत कसं ते."